ब्रास्कला कुठला खेळ लावायचा

आस्लाक आमच्या कुत्र्यांच्या क्लबात पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या एका हातात पट्टा होता आणि दुसऱ्या काखेत हातभर लांबीचं लाकूड. मैदानाच्या कडेला मी कॉफीचं टेबल मांडून बसले होते. त्याने ते लाकूड माझ्या कपाशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"स्वयंपाकघराच्या दाराची चौकट," तो म्हणाला. "म्हणजे, त्यातली उरलेली."

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ब्रास्क होता. दोन वर्षांचा, लांब तंगड्यांचा, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके असलेला शिकारी कुत्रा. तो उभा होता असं म्हणणं धाडसाचं ठरेल. त्याचे चारी पाय जमिनीवर होते, पण चारही वेगवेगळ्या दिशांना निघाले होते.

"सोफा आहे का अजून?" मी विचारलं.

"सोफा सप्टेंबरातच गेला."

"फिरवतोस किती?"

"सकाळी एक तास, संध्याकाळी दोन. घरी आलो की मी झोपतो आणि हा चौकट खातो." मग जरा घुटमळून म्हणाला, "असल्या कुत्र्याला काहीतरी खेळ लावावा म्हणतात. कुठला लावू?"

एवढं सलग बोलताना मी आस्लाकला चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आमची घरं लागून आहेत. माझ्या स्वयंपाकघरातून त्याचं अंगण दिसतं, त्याच्या स्वयंपाकघरातून माझं. पण नॉर्वेतल्या आमच्या या खोऱ्यात शेजार म्हणजे सकाळी समोरच्या धुराड्यातून धूर निघाला की नाही तेवढं बघायचं आणि निघाला असेल तर आपल्या कामाला लागायचं. आपला कुणाला त्रास होऊ नये, याची इथल्या माणसांना भारी धास्ती. मी इथलीच, पण तोंडाच्या बाबतीत आईवर गेले आहे. मनात आलं की बोलून मोकळी होते. बावीस वर्षं दर मंगळवारी मी कुत्र्यांचा वर्ग घेते, आणि खरं सांगायचं तर कुत्र्यांना ओरडावं लागत नाही, मालकांनाच लागतं.

आस्लाकने चौतीस वर्षं नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. उजाडायच्या आत रस्ता मोकळा करायचा आणि मोटारी घसरू नयेत म्हणून वर खडी टाकायची. मोटारींचं भलं व्हायचं, पण गावातल्या म्हाताऱ्या बायकांची पंचाईत. त्या स्पार्कवरून फिरतात. दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर एक खुर्ची बसवलेली असते; खुर्चीवर सामानाची पिशवी ठेवायची, मागे एका पट्टीवर उभं राहायचं आणि मोकळ्या पायाने ढकलत बर्फावरून सुसाट जायचं. खाली खडी आली की स्पार्क जागच्या जागी अडतो आणि म्हातारी पुढे जाते. माझी आई आस्लाकचा ट्रक दिसला की खिडकी उघडून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आस्लाकने कधी उलट शब्द काढला नाही. पुढच्या हिवाळ्यापासून रस्त्याच्या डाव्या कडेला हातभर रुंदीची पट्टी खडीशिवाय राहायला लागली. वरून तसा हुकूम नव्हता. कुणी त्याचे आभार मानले नाहीत आणि त्यानेही विषय काढला नाही.

मुलगी आठ वर्षांची असताना त्याची बायको दूर बेर्गनला निघून गेली ती गेलीच. मुलगी राहिली बापाकडे. सिन्ने तिचं नाव. घरी दुसरं कुणी नाही, म्हणून भल्या पहाटे तिला रजईत गुंडाळून तो ट्रकमध्ये शेजारी झोपवायचा आणि रस्ते साफ झाले की तसाच शाळेच्या दारात सोडायचा. वेणी घालायला तो माझ्याकडून शिकला. माझ्या ओट्याच्या कडेला सुतळीचे तीन पदर बांधून त्याने दोन दिवस सराव केला होता. सिन्ने मोठी झाली, शिकली, कुठे कुठे नोकऱ्या केल्या, आणि एकतिसाव्या वर्षी तिला ऑस्लोच्या इस्पितळात चांगली जागा मिळाली. घर मिळालं चौथ्या मजल्यावर. तिथे कुत्रं चालणार नव्हतं.

"जागा मिळेपर्यंतच, पप्पा," ऑगस्टमध्ये ब्रास्कला सोडायला आली तेव्हा अंगणातून तिचा आवाज मला ऐकू आला. "तुला फार त्रास नाही ना होणार?"

"छे! कसला त्रास?"

त्या त्रासातली हातभर लांबीची वस्तू आता माझ्या टेबलावर पडली होती.

आम्ही अडथळ्यांपासून सुरुवात केली. उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं, खांबांमधून नागमोडी पळायचं, आणि मालकाने बाजूने धावत वाट दाखवायची. क्लच दाबून दाबून आस्लाकचा डावा गुडघा कामातून गेलेला. तो पहिल्या अडथळ्याशी पोचेपर्यंत ब्रास्कने सगळे अडथळे आपल्या मर्जीच्या क्रमाने ओलांडले, मग कुंपण ओलांडलं, परत आला, माझं टेबल ओलांडलं आणि जाता जाता ताटलीतले सात वॅफल तपकिरी चीजसकट गिळले.

"हुशार आहे," आस्लाक म्हणाला.

"तो आहे," मी म्हणाले. "तू कुठे होतास?"

मग माग काढायचा खेळ लावून पाहिला. एल्क हरणाचा वाळलेला खूर दोरीला बांधून मी जंगलातून तीनशे मीटर ओढत नेला आणि एका झाडामागे ठेवला. असा माग शांतपणे, नाक जमिनीला लावून काढायचा असतो. त्याने कुत्र्याचं डोकं थकतं आणि घरातली लाकडं वाचतात. ब्रास्कने तीन मिनिटांत खूर शोधला आणि दीड तास तो कुणाला दिला नाही. त्या रात्री दुसऱ्या दाराची चौकट गेली.

नोव्हेंबर अर्धा सरला आणि रस्त्यावर पहिला कडक बर्फ धरला. मी आस्लाकला विचारलं, "तुझ्या आईचा स्पार्क कुठे आहे रे?"

"शेडमध्ये. का?"

"ब्रास्कला पुढे जुंप आणि तू मागे उभा राहा. गुडघा वाकवायलाच नको."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला परकर नेसायला सांगितलं. स्पार्क म्हणजे बायकांची गाडी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहते तर ब्रास्कच्या छातीवर ओढायचा पट्टा, मागे स्पार्क, त्यावर आस्लाक कानटोपी घालून ताठ उभा. तो काहीतरी म्हणाला आणि पुढच्या क्षणी अंगण रिकामं झालं. कुत्र्याला निघायचं शिकवलं होतं, थांबायचं राहिलं होतं. दोघं दुकानावरून गेले, दूधसंघावरून गेले आणि थेट पुलापाशी थांबले, कारण तिथे नव्या ड्रायव्हरने खडी टाकली होती.

तासाभराने परत आला तेव्हा टोपी गेलेली, नाक लाल, आणि आस्लाक हसत होता. तोंड उघडून, आवाज करून हसत होता. मी दारात उभी राहून बघतच राहिले. ब्रास्क घरात शिरून आडवा झाला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

त्यानंतर रोज सकाळी दोघं निघायचे. आठवड्याभरात थांबणं आलं, उजवी-डावी आली. नव्या ड्रायव्हरला रस्त्यात गाठून आस्लाक म्हणाला, "कडेला एक पट्टी सोडत जा रे बाबा, होईल तेवढी." माझी आई असती तर तिने त्याला हे बोलताना पाहून जेवण सोडलं असतं हसण्यापायी. मी क्लबात सगळ्यांना सांगून टाकलं की आस्लाकचा खेळ ठरला.

आणि सिन्ने घरी यायला लागली. आधी ती नाताळात यायची आणि उन्हाळ्यात चार दिवस. आता दर तिसऱ्या शुक्रवारी हामारला गाडी बदलून पाच तासांचा प्रवास करून यायची. ब्रास्कला बघायला आले म्हणायची. ती यायची त्या शुक्रवारी आस्लाक सकाळपासून अंगण झाडायचा, बर्फ पडलेला असो वा नसो. एल्कच्या मटणाचा वास माझ्या घरापर्यंत यायचा. शनिवारी तिघं निघायचे. पुढे ब्रास्क, खुर्चीवर रजई पांघरून सिन्ने आणि मागे पट्टीवर आस्लाक. तिची वेणी वाऱ्याने त्याच्या तोंडावर यायची आणि तो ती बाजूला करायचा नाही. रविवारी तो तिला स्पार्कवरच स्टेशनवर सोडून यायचा. नंतर बराच वेळ त्याच्या खिडकीत मला दोन डोकी दिसायची, खाली ब्रास्कचं आणि वर त्याचं. दोघंही रस्त्याकडे बघत असायचे.

जानेवारीत एकदा कुंपणाशी उभा राहून तो म्हणाला, "थंडी वाढणार म्हणतायत."

"हं."

"सिन्नेला तळमजल्याची जागा मिळाली. ईस्टरनंतर. कुत्रं चालतं, पण शेजाऱ्यांना उपद्रव व्हायला नको अशी अट आहे."

"म्हणजे ब्रास्कला नेणार?"

"कुत्रं तिचंच आहे," तो म्हणाला आणि लाकडं आणायला गेला.

पुढच्या मंगळवारी तो वर्गाला आला. "धावायचा तो पट्टा आहे का तुझ्याकडे? माणसाच्या कमरेला बांधतात तो."

तो खेळ मी पुष्कळांना शिकवला आहे. माणसाच्या कमरेला रुंद पट्टा, कुत्र्याच्या छातीला पट्टा, मधे ताणली जाणारी दोरी. कुत्रं पुढे ओढत धावतं, माणूस मागून धावतो. उत्तम खेळ आहे, धड गुडघे असणाऱ्यांसाठी.

"कोण धावणार?" मी विचारलं.

"मी."

मी हसले. तो हसला नाही. मी पट्टा दिला, कारण एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला नाही कसं म्हणायचं ते मला ऐन वेळी सुचलं नाही.

दोन दिवसांनी तो दुकानात दिसला तेव्हा त्याचा ओठ फाटला होता. पुढच्या आठवड्यात मनगट सुजलं होतं. खिडकीतून मी रोज बघत होते. बुटांना खिळ्यांचे तळ लावून तो विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत लंगडत धावायचा, मग दोन खांब चालायचा, मग पुन्हा एक खांब धावायचा. ब्रास्कला काही कळत नव्हतं. तो दर दहा पावलांवर वळून मागे बघायचा, की स्पार्क कुठे गेला आणि हा असा का करतोय. स्पार्क भिंतीला टेकून उभा होता. रस्त्यावर काचेसारखा बर्फ होता, असा हिवाळा दहा वर्षांत झाला नव्हता, आणि हा माणूस जिवाचे हाल करून घेत होता. तिसऱ्या वेळी तो माझ्या फाटकासमोरच पडला तेव्हा मी चपला घालूनच बाहेर गेले.

"काय वेड लागलंय का तुला? दोन महिने डोकं लढवून तुला एक खेळ शोधून दिला. कुत्र्याला आवडला, तुला आवडला. आता हे काय नवीन? कुणाला दाखवायचंय, की अजून विशीत आहेस म्हणून?"

तो बर्फातच बसून राहिला. ब्रास्क त्याचा कान चाटत होता.

"ऑस्लोत रस्त्यांवर मीठ टाकतात," तो म्हणाला. "बर्फ राहत नाही. स्पार्क चालत नाही तिथे."

"मग?"

"पोरगी कामावर जायच्या आधी अर्धा तास काढू शकते. दारातून निघायचं, दारात यायचं. मोटार नको, मैदान नको, कुणाची मदत नको. धावणंच बसतं त्यात. ती धावते छान." त्याने दोरीची गाठ सोडवायला घेतली. "याला इथेच शिकवून द्यायला हवं. तिला तिथे एकटीने शिकवायला कुठला वेळ मिळणार? नाही जमलं तर हा दारं खाणार, शेजारी तक्रार करणार, आणि तिला याला कुणाला तरी देऊन टाकावं लागणार. रडेल ती."

मला चपलांत गारठा जाणवायला लागला होता. ऑक्टोबरात त्याने मला विचारलं होतं, याला कुठला खेळ लावू. मी समजत होते की तो स्वतःसाठी विचारतोय.

"आस्लाक," मी म्हणाले, "कुत्रा गेला की ती दर तिसऱ्या शुक्रवारी येणार नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग जरा कमी शिकव त्याला. थोडा वांड राहू दे."

"कुत्र्याच्या दोरीने काय माणूस बांधून ठेवायचा, बोर्गहिल्ड?" तो म्हणाला, आणि माझ्या खांद्याला धरून उठला. त्याने मला हात लावल्याचं मला आठवत नाही त्याआधी.

माझा राग गेला नाही, पण मी त्याच्या बाजूने झाले. फेब्रुवारी आणि मार्च आम्ही आस्लाकच्या रस्त्यावर ऑस्लो उभं केलं. आम्हां दोघांपैकी कुणालाच ते शहर धड माहीत नव्हतं, म्हणून आमच्या कल्पनेतलं ऑस्लो फार गजबजलेलं होतं. आमच्या रस्त्यावरून तासाला तीन मोटारी जातात, तर ब्रास्कला वाहनांची सवय व्हावी म्हणून मी माझी गाडी त्याच्या बाजूने चौदा वेळा पुढे-मागे नेली. सायकलची घंटा वाजवली. दूधसंघातल्या एका बाईची बाबागाडी मागून आणली आणि तिच्यात बटाट्यांचं पोतं ठेवून त्याच्या समोरून ढकलली.

"ट्रामचं काय करायचं?" आस्लाकने विचारलं.

"तुझा ट्रॅक्टर काढ," मी म्हणाले. "मी गाईची घंटा घेऊन वर बसते."

ब्रास्कने पहिल्या दिवशी त्या ट्रामवर भुंकून घेतलं, तिसऱ्या दिवशी तिच्याकडे बघायचंही सोडलं. मार्च संपेपर्यंत तो चौकात आपणहून थांबायला लागला, दुसरं कुत्रं दिसलं तर "सोड" म्हटल्यावर सोडायला लागला. आणि तो मागे वळेनासा झाला. आस्लाक चार खांब सलग धावायला लागला होता. गुडघ्यावर रोज रात्री बर्फाची पिशवी बांधायचा, इकडे गुडघ्याला बर्फ आणि तिकडे शेगडीला लाकडं. मी एकदा विचारलं, फार दुखतो का. म्हणाला, "सवय होते."

ईस्टरला सिन्ने आली ती पिशवीभर संत्री घेऊन. सोमवारच्या दुपारच्या गाडीने ब्रास्कला घेऊन परत जायचं ठरलं होतं. त्या दिवशी सकाळी नवी दोरी द्यायला मी गेले, तर मला बसवून कॉफी दिली. टेबलावर संत्र्यांच्या साली होत्या. आस्लाक ब्रास्कचं सामान भरत होता, ताटली, टॉवेल, वाळवलेले एल्कचे कान, एकेक वस्तू पुसून. सिन्ने कप हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "तुला हवं असेल तर राहू दे त्याला इथेच. मी काय, येत जाईन. दर पंधरा दिवसांनी येईन. मला काही त्रास नाही त्याचा."

मी कप खाली ठेवला. तिचा आवाज मी लहानपणापासून ओळखते. ती कुत्र्याबद्दल बोलत नव्हती. त्या शहरात चार महिने राहून तिला कॉफीला बोलावणारं एक माणूस मिळालं नव्हतं, हे तिने मला नाताळात सांगितलं होतं, बापाला सांगू नको या अटीवर. तिला घरी यायला एक कारण हवं होतं आणि ती ते मागत होती.

आस्लाक पाठमोरा होता. टॉवेलाची घडी त्याच्या हातात तशीच राहिली. मला वाटलं, म्हण. एकदाच म्हण, हो, राहू दे.

"नको नको," तो म्हणाला. "पाच तासांचा प्रवास. तुझी सुट्टी सगळी त्यातच जायची. आणि मला काय करायचंय कुत्रं या वयात?"

"त्रासच झाला ना तुला त्याचा?"

"त्रास असं नाही."

"नाही, झालाच असेल. चौकटी बघतेय ना मी." ती हसली आणि कपाकडे बघू लागली. "बरं. नेते मग."

मी तोंड उघडलं. आस्लाकने वळून माझ्याकडे पाहिलं. तसं त्याने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं, जवळजवळ हात जोडल्यासारखं. आणि मी, जी कुणाचं ऐकून घेत नाही, जिला सगळं खोरं फटकळ म्हणतं, मी गप्प बसले. त्या दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटायची होती मला. त्याऐवजी मी संत्र्याच्या साली गोळा केल्या. याचं मला आजही वाईट वाटतं.

निघायची वेळ झाली. सिन्ने म्हणाली की स्टेशनपर्यंत चार किलोमीटर ती ब्रास्कबरोबर धावतच जाईल, म्हणजे पप्पाला त्याच्या मेहनतीचं फळ दिसेल. सामान मी माझ्या मोटारीतून आणायचं. आस्लाक स्टेशनवर येणार नव्हता. तो फलाटावर दिसला तर ब्रास्क गाडीत चढणार नाही, असं त्याचं म्हणणं. अंगणात त्याने तिच्या कमरेला पट्टा बांधला, दोनदा ओढून पाहिला. मग तिने त्याला मिठी मारली. त्याने तिच्या पाठीवर दोन थापा दिल्या आणि तिसरी अर्ध्यावर राहिली.

"पुढे!" सिन्ने म्हणाली.

ब्रास्क निघाला. वीस पावलं गेला, थांबला, मान वळवून आस्लाककडे बघितलं आणि सरळ परत आला. दोरी सिन्नेच्या पायांत गुंडाळली गेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तो निघालाच नाही. अंगणाच्या मधोमध बसला आणि बारीक आवाजात कुईकुई करायला लागला.

"मी दिसतोय त्याला," आस्लाक म्हणाला. "मी बाजूला होतो. तू दहा आकडे मोज आणि निघ. आणि हे बघ, मागे वळून बघायचं नाही. अजिबात नाही. तू वळलीस की तुझी कंबर वळते, ते त्याला दोरीतून कळतं आणि तो थांबतो. समोर बघत जायचं. वळणापर्यंत तरी."

"बरं, पप्पा."

तो लाकडांच्या शेडमागे गेला. मीही गेले. बर्चच्या ओंडक्यांची छपरापर्यंत रास होती. तो तिच्याकडे तोंड करून, कपाळ लाकडांना टेकवून उभा राहिला, लहान मुलं लपाछपीत राज्य घेताना उभी राहतात तसा. मी कोपऱ्यावरून बघत होते. सिन्नेने मोठ्याने दहा आकडे मोजले. शेवटच्या आकड्यांना तिचा आवाज नीट निघत नव्हता.

"पुढे!"

या वेळी ब्रास्क गेला. आस्लाकने शिकवला होता तसाच, मान खाली, दोरी ताठ. तिच्या बुटांचे खिळे बर्फावर वाजत गेले, मग कमी कमी होत गेले.

"गेले?" त्याने विचारलं.

"गेले. वळणावरून गेले."

"ब्रास्क थांबला नाही?"

"नाही."

राशीतून बाहेर आलेला एक ओंडका त्याने आत ढकलला. मग लाकडांकडेच तोंड ठेवून म्हणाला, "सिन्नेने मागे पाहिलं का?"

"तूच सांगितलंस ना, बघायचं नाही म्हणून."

"हो," तो म्हणाला. "मीच सांगितलं."

मी सामान घेऊन स्टेशनवर गेले. सिन्ने फलाटावर वाकून उभी होती, धापा टाकत. ब्रास्क तिच्या पायाशी शहाण्यासारखा बसला होता. तिने वर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा घामाने आणि रडण्याने भिजलेला होता.

"पप्पाला सांग, मी एकदाही मागे बघितलं नाही," ती म्हणाली. "इतकं बघावंसं वाटत होतं, बोर्गहिल्ड. पण नाही बघितलं."

"तू सांग. फोन लाव त्याला."

"आत्ता? नको. सकाळपासून दमलाय, जरा पडला असेल. उगाच कशाला त्रास."

मग मात्र माझी सहनशक्ती संपली. मी माझा फोन काढला, त्याचा नंबर लावला आणि तिच्या हातात कोंबला. "सांग त्याला. मागे का बघावंसं वाटत होतं तेही सांग. पंधरा दिवसांनी येणार आहेस म्हणून सांग, कुत्रं असो नाही तर नसो. आत्ताच्या आत्ता."

तिने फोन कानाला लावला. मला पलीकडची घंटा ऐकू येत होती. वाजत राहिली. आस्लाक फोन कधी बरोबर ठेवत नाही, तो स्वयंपाकघराच्या खिडकीत पडलेला असतो. तिकडे फोन वाजत होता आणि आस्लाक कुठे उभा असेल ते मला ठाऊक होतं. गाडी आली. सिन्नेने आणखी थोडं थांबून पाहिलं, मग फोन माझ्या हातात दिला.

"कामात असेल," ती म्हणाली, आणि ब्रास्कला घेऊन चढली.